मधला दगड

३ मार्च
नवी नोकरी, नवं घर, आणि आज चक्क वेळेवर पोचले! प्रयोगशाळेत खिडकीशी टेबल मिळालंय, सूक्ष्मदर्शकही जवळजवळ कोरा. साहेब म्हणाले, इथला ग्रॅनाइट अडीचशे कोटी वर्षांचा, त्याला कसलीच घाई नाही. घरमालकीण काकूंनी विचारलं, दगड बघायलासुद्धा शिकावं लागतं का? खोली छान आहे, भिंती पांढऱ्याशुभ्र.

६ मार्च
पहिलं काम आलं. बोगद्याच्या वाटेतला डाइक तपासायचा. डाइक म्हणजे ग्रॅनाइटच्या भेगेत वितळलेला खडक घुसून थिजलेली उभी काळी भिंत. कडा गार दगडाला टेकून झटकन थिजतात, म्हणून बारीक कणांच्या, टणक. मधला भाग सावकाश थिजतो, कण मोठे. त्यातल्या पायरॉक्सीन या खनिजाचं पाण्याने मऊ क्लोराइट झालं, की दगड हिरवट आणि साबणासारखा निसरडा.
नकाशा उघडला आणि लगेच मिटला. जुन्या नोकरीच्या गावचाच डाइक, सरळ इथवर आलेला.

९ मार्च
पलंगामागच्या भिंतीवर बोटभर रुंद काळी रेघ, छतापासून जमिनीपर्यंत. काकूंना ती दिसत नाही. म्हणाल्या, चष्मा बदल.

११ मार्च
लिहूनच टाकते. जुन्या गावी याच डाइकचा मधला नमुना करवतीवर धरला की चुरा व्हायचा. तीन तुकडे वाया गेले. मला सुटीला घरी जायचं होतं. मग कडेचा टणक तुकडा घासून सूक्ष्मदर्शकासाठी पातळ काप केला आणि अहवालात लिहिलं: मध्यभाग, ताजा, भक्कम. तिथल्या बोगद्याच्या मुकादमाने फोनवर विचारलं, ताई, मधला बघितलात ना? मी हो म्हणाले.
अहवालानंतर नवव्या दिवशी बोगद्यात दगड घसरला. मुकादम आत होता. त्याच्या बायकोला भेटायला गेले, तर इतक्या लांबून आलात म्हणून तिनेच माझे आभार मानले. मी चहा पिऊन निघून आले.

१४ मार्च
रेघ हातभर रुंद झाली. छिन्नीने कपचा काढून प्रयोगशाळेतल्या घटक मोजायच्या यंत्रात घातला. लोह, मॅग्नेशियम, ठीक. पण कॅल्शियम आणि फॉस्फरस एवढं? साहेब हसून म्हणाले, हाड घातलंस की काय?

१५ मार्च
भिंत गरम आहे. कडा काचेसारख्या. मधलं अजून थिजलेलं नाही —

१६ मार्च
इथलाही मधला नमुना चुरा. पुन्हा चुरा. खरं लिहिलं तर जुना अहवाल उघडा पडेल. उद्या सकाळी माणसं आत जाणार.
कडेचा तुकडा घासला. पाठवला. तेच शब्द. शरम वाटते माझी —

१६, संध्याकाळ
रेघ आता माणूस मावेल एवढी रुंद. आतून विचारतोय. ताई म्हणूनच. रागावलेला नाही, तेच सोसवत नाही —
दार उघडत नाही. फोन लागत नाही. काकू, वही साहेबांना द्या. आजच. अहवाल खोटा आहे. कुणालाही आत सोडू —
हात घातला. मऊ आहे. हिरवं. हो मुकादम, आता बघते, मधला —