हात लावून बघा

अण्णा, मागच्या महिन्यात एका बाईंनी माझ्या टेबलावर वीट आणून ठेवली. कापडी पिशवीतून काढून थेट फायलींवर. चंदिगडच्या आमच्या ऑफिसात एरवी इतकी टापटीप असते की सांडलेल्या चहाचीही चौकशी होते, त्यामुळे शिपाई धावतच आला. मी त्याला हातानेच थांबवलं.

ही नोकरी लागली तेव्हा तुम्ही नव्हता, म्हणून सांगते. लष्कराच्या सरावात लोकांचं जे मोडतं-पडतं, कुणाचं पीक चिरडतं, कुणाची विहीर ढासळते, त्याच्या भरपाईचे अर्ज मी तपासते. या बाईंच्या अंगणाची भिंत फौजेचा ट्रक मागे घेताना पडली होती. त्यांचा अर्ज मीच नामंजूर केला होता. तपासणीच्या फोटोत भिंत चांगली उभी दिसत होती, म्हणून मी लिहिलं, ‘जागेवर नुकसान आढळले नाही’, आणि निवांत जेवायला गेले.

बाई सत्तरीच्या. दोन बस बदलून आल्या होत्या. विटेची एक बाजू निळ्या रंगाची, एक कोपरा उडालेला. भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “पुत्तर, मैं कल्ली रहनी आं. कंध बिना किवें सौंदी?” कंध म्हणजे भिंत. एकटीने राहायचं आणि भिंतीशिवाय झोपायचं कसं, असं विचारत होत्या. आणि मला तुम्ही दिसलात.

तुम्ही गावचे कोतवाल. तलाठी भाऊसाहेब पुढे, दप्तर काखेत धरून तुम्ही मागे. गावाशेजारी तोफांच्या सरावाचं मैदान, हादऱ्याने कुणाचं ना कुणाचं काही पडायचंच. पंचनामा भाऊसाहेब लिहायचे, टेपचं दुसरं टोक तुमच्या हातात. त्या दिवशी कॉलेजला सुट्टी म्हणून मीही बरोबर आहे. एका मावशींची भिंत पडलीय, पण आम्ही पोचेपर्यंत त्यांनी ती माती कालवून पुन्हा उभी केलीय. भाऊसाहेब पेन उघडतात. मीच शहाणपणा करते, “भिंत तर उभीच आहे की!” मावशींचा चेहरा उतरतो. तुम्ही माझ्याकडे बघतसुद्धा नाही. भिंतीवर तळवा ठेवता, जरा सरकवता.

“भाऊसाहेब, हात लावून बघा. हितं कोरडी हाय, हितं गार लागतीय. परवाची माती हाय ही.”

भाऊसाहेब हात लावतात आणि लिहितात. परतताना मात्र तुम्ही मला चांगलंच झापलंत. “भिंत पडल्यावर माणूस घर उघडं टाकून सरकारची वाट बघत बसंल का? येवढी बुकं शिकलीस ती कशाला?” मी घरापर्यंत तोंड फुगवून चालले. रात्री भाकरीवर लोण्याचा गोळा जास्तीचा होता, तो तुम्हीच वाढला होता. इतक्या वर्षांनी मी तीच चूक केली, अण्णा, आणि या वेळी पेन माझ्याच हातात होतं.

फाईल पुन्हा उघडून मी त्या गावी गेले. सोबत एक तरुण कॅप्टन होता, सालस मुलगा. भिंत तीच, विटाही जुन्याच. फक्त मधल्या भागात निळी बाजू कुठे बाहेर, कुठे आत, कुठे वर. घाईघाईत जशा हाताला लागल्या तशा बसवलेल्या. मी तळवा ठेवला. विटांच्या सांध्यांमधलं सिमेंट खरखरीत, कडेच्या जुन्या भागात गुळगुळीत झालेलं. कॅप्टनला म्हटलं, “हाथ लगाकर देखिए.” त्याने लावला. अर्ज मंजूर झाला. बाईंनी आम्हाला लस्सी पाजली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला, तेव्हा मला रडू आवरेना.

गाडीत कॅप्टनने विचारलं, “मॅडम, ये आपने कहाँ सीखा?”

मी म्हटलं, “ट्रेनिंग में.”

“मेरे पिताजी कोतवाल थे” एवढंच तर म्हणायचं होतं. जीभ रेटली नाही. तुम्ही असता तर हसून सोडून दिलं असतंत, म्हणून तर जास्त लागतं.

हे पत्र कुठे पाठवायचं, ड्रॉवरमध्येच राहील. वीट बाईंनी परत नेली नाही, ती माझ्या खिडकीत आहे. कुणी विचारलं, ही इथे कशाला, तर तुमच्यापासून सुरुवात करून सगळं सांगायचं ठरवलंय. अजून कुणी विचारलेलं नाही. आणि खरं सांगू, दर संध्याकाळी घरी निघताना मला त्याचं जरा बरंच वाटतं.