मुखपृष्ठावर एकच नाव राहील

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, निवृत्त प्राध्यापिका, हे मृत्युपत्र राहत्या घरी, मागच्या खोलीतल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. तसे प्रमाणपत्र डॉक्टरीणबाईंनी दिले असून ते सोबत जोडले आहे. प्रमाणपत्र देण्याआधी त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि त्यांच्या भिंतीवरचे कॅलेंडर मागच्याच महिन्यात अडकले आहे, हेही सांगितले. हे लिहिताना माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकणारे पुष्कळ आहेत, पण त्यांच्या मनासारखे यात काही नाही, हे पुढे वाचल्यावर त्यांना कळेलच.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे पहिले आणि हेच शेवटचे समजावे. अंमलबजावणीचे काम माझ्या वकिलांकडे राहील. त्यांनी मसुद्यातले माझे काही शेरे गाळण्याची सूचना केली होती. ती मी मान्य केलेली नाही.

कलम १. दुसऱ्या मजल्यावरचे राहते घर, त्यातले भांडेकुंडे, कपडेलत्ते आणि बँकेत जे काही असेल ते, माझ्या एकुलत्या एका मुलाला मिळावे. हे मी त्याच्यावर खूश होऊन देत नाही. तो मुलगा आहे, म्हणून देते. तो घर विकणार, हे मला ठाऊक आहे. खुशाल विकावे. फक्त त्याआधी मागच्या खोलीच्या खिडकीची कडी दुरुस्त करून घ्यावी. ती दुरुस्ती त्याच्या वडिलांनी जन्मभर ‘उद्या’वर ढकलली आणि वारा सुटला की खिडकी धरून मी उभी राहिले.

कलम २. कार्डांचे लाकडी कपाट. माझा विषय असा होता: निनावी किंवा वादातले लेखन कोणाच्या हातचे, हे ठरवायचे आणि कोणता लेख कोणी कोणी आधाराला घेतला, त्याचा माग काढायचा. त्यासाठी प्रत्येक लेखाचे एक कार्ड मी या कपाटाच्या लहान लहान खणांत ठेवत गेले. आता आमच्या विभागाला हे कपाट काचेआड मांडायचे आहे, वर माझा फोटो लावून. मी नोकरीत असताना याच विभागाने ते कपाट अडगळ म्हणून जिन्याखाली टाकले होते आणि मला ते स्वखर्चाने हमाल लावून घरी आणावे लागले. तेव्हा कपाट कोपऱ्यावरच्या शिवणसामानाच्या दुकानातल्या बाईंना द्यावे. त्यांना बटणे ठेवायला असे खण हवेच आहेत. कार्डे रद्दीत घालावीत. विभागातून कोणी हार, शाल किंवा कॅमेरा घेऊन आल्यास त्याला जिन्यावरूनच परत पाठवावे. आत घेऊन चहा विचारू नये.

कलम ३. हे कलम लांबणार आहे. वाचणाऱ्याने बसून वाचावे.

माझ्या दिवंगत पतींनी शिक्षणातल्या मूल्यांवर एक पुस्तक लिहिले. शिक्षक होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला ते निदान परीक्षेपुरते वाचावे लागते. त्यांच्या पश्चात त्या पुस्तकाचे सर्व हक्क त्यांच्या मृत्युपत्राने माझ्याकडे आले. या मिळकतीची वाट लावायला बरेच जण टपले आहेत, म्हणून तिचा इतिहास नोंदवते.

मी नोकरीत असताना माझी एक पट्टशिष्या होती. तिला या विषयाचा श्रीगणेशा मी शिकवला. आज ती विभागप्रमुख आहे. तिने एक दिवस लेख छापला की ते पुस्तक सरांनी लिहिलेलेच नाही, त्यांच्या बायकोने लिहिले. तिने माझीच पद्धत वापरली होती. माणूस नकळत जे बारीकसारीक शब्द वापरतो ते मोजायचे, कारण ठळक शब्दांची नक्कल करता येते, बारीक शब्दांची येत नाही. तिने पुस्तकातले शब्द मोजले, सरांच्या इतर लेखनाशी ताडले, ते जुळेनात. मग माझ्या लेखांशी ताडले, ते जुळले. झाले! छळ सोसलेली विदुषी म्हणून माझ्या नावाने परिसंवाद भरू लागले. मला न विचारता.

मी तिला घरी बोलावले. ती पेढ्यांचा पुडा मिळेल अशा चेहऱ्याने आली.

“मॅडम, शेवटी तुम्हाला न्याय मिळाला.”

“ते राहू दे. सरांचं इतर लेखन म्हणून तू काय घेतलंस?”

“समित्यांचे अहवाल. चांगले गठ्ठेच्या गठ्ठे मिळाले. सगळ्यांवर सरांच्या सह्या आहेत.”

“अगं, सह्याच फक्त त्यांच्या आहेत. ते अहवाल आपला हेडक्लार्क लिहायचा. गेल्या वर्षीचा काढायचा, तारीख बदलायची आणि सहीला ठेवायचा. सरांनी त्यातला एकही कधी वाचला नाही. तेव्हा तू एवढंच सिद्ध केलंस की हे पुस्तक हेडक्लार्कनं लिहिलेलं नाही. अभिनंदन.”

ती म्हणाली, “पण मॅडम, तुमच्याशी जुळतंय, त्याचं काय?”

“त्यांचं अक्षर देवालासुद्धा लागलं नसतं. छापखान्याकडे जाणारी प्रत मी स्वच्छ लिहायचे. लिहिताना त्यांची मैलभर लांबीची वाक्यं तोडायचे, जोडायचे. तुझे बारीक शब्द तिथून आले. शेजारच्या बाईनं स्वेटरला बटणं लावून दिली म्हणून स्वेटर तिनं विणला असं होतं का?”

“आता लेख छापून आलाय, मॅडम.”

मोजण्याआधी लिहिणारा हात कोणाचा ते बघ, हा मी तिला शिकवलेला पहिला धडा. एक साधे पत्र टाकून लेख मागे घेता आला असता. तिने काय केले? दुसरा लेख लिहिला. त्यात म्हटले की मी नाकारते आहे हाच माझ्यावरच्या अन्यायाचा भक्कम पुरावा आहे, इतकी वर्षे दबलेली बाई दुसरे काय बोलणार? म्हणजे मी हो म्हटले तरी पुस्तक माझे आणि नाही म्हटले तरी माझेच. मी उभी जिवंत असताना माझे तोंड असे शिवून टाकले. मूळ हस्तलिखित दाखवावे तर पुस्तक छापून आल्यावर ते आम्ही नेहमीसारखे रद्दीत घातले होते.

तिचा लेख आता जिकडेतिकडे आधाराला घेतला जातो. त्या लेखात तिने आमच्या पुस्तकाचे प्रकाशनवर्ष चुकीचे टाकले आहे. घाईत झाले असेल. पण पुढच्या सगळ्यांनी, मी पाहिले त्या सगळ्यांनी, तेच चुकीचे वर्ष उचलून आपापल्या संदर्भसूचीत ठेवले. पुस्तक नुसते उघडले असते तरी दुसऱ्याच पानावर खरे वर्ष दिसले असते. लेखक कोण यावर हिरिरीने भांडणाऱ्या या मंडळींपैकी कोणी ते हातातही धरलेले नाही. मूल्यशिक्षणाचे प्राध्यापक आहेत हे. एकमेकांची पाठ थोपटण्यातून हात मोकळा झाला तर पान उलटतील.

आणि पुस्तकात आहे काय, हे तरी बघायचे होते. तिसऱ्या प्रकरणात माझ्या पतींनी लिहिले आहे की परीक्षा पार बंद कराव्यात, मूल आपल्या ओढीने शिकते. मला हे तेव्हाही चूक वाटत होते, आजही वाटते. त्या प्रकरणावरून एक अख्खा उन्हाळा आम्ही या टेबलाच्या दोन बाजूंना बसून भांडलो. मी म्हटले, तुमचे स्वतःचे मूल गणितात गटांगळ्या खाते आहे, त्याची ओढ कुठे गेली? ते म्हणाले, त्याला तुझी भीती वाटते म्हणून. प्रकरण त्यांनी तसेच ठेवले. मी ते शब्दाला शब्द उतरवून दिले आणि पुढे वर्गात त्याच्या विरुद्ध शिकवत राहिले. जे खोडून काढण्यात माझी निम्मी नोकरी गेली, ते आता माझ्या नावावर चढवायला निघाले आहेत.

माझे पती चांगले पती नव्हते, हेही इथेच नोंदवते, म्हणजे मी भक्तिभावाने बोलते आहे असा कोणाचा समज नको. संसारात त्यांचा कवडीचा उपयोग नव्हता. मुलाची इयत्ता त्यांना कधी सांगता आली नाही. पाहुण्यांसमोर माझ्या लेखांची टिंगल करायचे आणि पाहुणे गेले की तेच लेख उशाशी घेऊन वाचायचे. हे सगळे खरे आहे आणि पुस्तक त्यांनीच लिहिले, हेही खरे आहे. पहिल्या गोष्टीची शिक्षा दुसरीत देता येत नाही.

माझ्या मुलाला हे कळत नाही. प्रकाशकाने नवी आवृत्ती काढायची ठरवली आहे, वर माझे नाव मोठे, खाली त्यांचे बारीक. मुलाचा त्याला पाठिंबा आहे. त्याचा फोन आला.

“आई, बाबांनी तुला जन्मभर राबवलं. आता मिळतंय तर घे ना.”

“जे माझं नाही ते घेऊ?”

“तुझं नसेल, पण तुझ्या वाट्याचं आहे.”

“तुला मला द्यायचंय, की त्यांच्याकडून काढून घ्यायचंय?”

त्यावर तो चिडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “बरं, आत्ता नको तर नको. पुढे बघू.”

हे ‘पुढे’ म्हणजे कधी, ते मला समजले. मी डोळे मिटले की हक्क वारसाने त्याच्याकडे जाणार आणि तो मुखपृष्ठावरून बापाचे नाव खाली ढकलणार. बापावरचा राग तो माझ्या नावाने काढणार. म्हणून हे मृत्युपत्र. बाकीची कलमे नुसती सोबतीला आहेत.

कलम ४. सदर पुस्तकाचे सर्व हक्क मी माझ्या नणंदेला देत आहे. तिच्या पश्चात ते तिच्या मुलीकडे जावेत.

वकिलांनी पेन खाली ठेवले आणि विचारले, “ज्यांच्याशी तुमचं बोलणं नाही, त्याच का?” होय, त्याच. माझ्या नणंदेने मला लग्नाच्या दिवसापासून पाण्यात पाहिले आहे. मी लग्नात चष्मा लावून उभी राहिले, इथून सुरुवात झाली. तिचा भाऊ वाळला तो माझ्यामुळे, चिडका झाला तो माझ्यामुळे, गेला तोही माझ्यामुळेच. तिच्या मुलीने आईकडून दुसरे काही घेतले नसेल, पण माझ्याबद्दलचे मत घेतले आहे. मला हा द्वेष नीट ओळखीचा आहे. तो कधी उणा झाला नाही आणि कोणाच्या आमिषाला बधला नाही. माझे सगळे शिष्य मिळूनही इतके भरवशाचे नाहीत.

मी स्वतः तिच्या घरी गेले. तिने दार अर्धेच उघडले.

“वन्सं, पुस्तकाबद्दल बोलायचं होतं.”

“कळलंय मला सगळं. वहिनी, माझ्या भावाच्या पुस्तकावर तुमचं नाव? मी जिवंत असेपर्यंत नाही. खुशाल कोर्टात खेचा.”

“आणि कोणी पैसे देऊ केले तर?”

“तोंडावर फेकेन.”

“माझ्या मुलानं येऊन गळ घातली तर?”

“भाचा असेल त्याच्या घरचा. इथं पाऊल ठेवू देणार नाही.”

“मग हक्क तुमच्या नावावर करते.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. यात माझा काय डाव आहे, ते शोधत होती. डाव नाही म्हटले असते तर तिचा विश्वास बसला नसता, म्हणून मी काही बोलले नाही. दार पूर्ण उघडून तिने मला आत बसवले आणि पाणी दिले. फार गोड बोलली नाही. तिने बदलू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

तिने पाळायची अट एकच: मुखपृष्ठावर एकच नाव राहील, माझ्या पतींचे.

कलम ५. माझ्यावर अन्याय झालाच नाही, असे मी कुठे म्हटलेले नाही. झाला आहे. पण तो पट्टशिष्येला सापडला नाही, कारण तिने प्रस्तावना वाचली नाही.

प्रस्तावनेत माझ्या पतींनी आभार मानले आहेत. ग्रंथपालांचे, मुद्रितशोधकाचे, छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याचे. कॉलेजच्या फाटकासमोरच्या चहावाल्याचेसुद्धा, कारण त्याने अनेक संध्याकाळी बाकडे अडवू दिले. माझे नाव नाही. मी विचारले होते. ते म्हणाले, “तुझे आभार कसले मानायचे? घरचीच तू.”

मला तेव्हा रडू आले होते आणि आज हे लिहितानाही राग येतो आहे. हा राग त्यांच्यावरचा आहे. मला एक ओळ हवी होती. त्या एका ओळीची भरपाई म्हणून मला अख्खे पुस्तक देणारे हे लोक कोण?

कोणी दयेपोटी नव्या आवृत्तीत ती ओळ घालू पाहील. घालू नये. ती त्यांनी लिहायची होती, त्यांनी लिहिली नाही, हे वाचकाला तसेच दिसू द्यावे.

आणि ज्यांना अजून पुरावा हवा आहे, त्यांच्यासाठी एवढेच. ती प्रस्तावनाही छापखान्यासाठी मीच स्वच्छ लिहून दिली. कागद माझ्यापुढे होता, पेन माझ्या हातात होते आणि छापून आल्यावर आपले पुस्तक पुन्हा वाचायची त्यांना सवय नव्हती. चहावाल्याच्या खाली पुष्कळ जागा होती. पुस्तक माझे असते, तर ती ओळ मी लिहिली असती.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. एकही शब्द बदलायचा नाही.

सही: लिहून ठेवणारी

स्थळ: राहते घर, मागची खोली
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

आम्हा दोघांसमक्ष वरील बाईंनी सही केली. त्यांच्यासमक्ष आम्ही सह्या करत आहोत.

साक्षीदार १: डॉक्टरीणबाई (सही)
साक्षीदार २: तळमजल्यावरचा चष्मेवाला (सही)