तरवडाखालचं तितर

११ मार्च, मंगळवार
तितराचं घरटं सापडलं! आमच्या आणि आशाबाईच्या वावरांमधल्या धुऱ्यावर, बांधावरच्या तरवडाच्या झुडपाखाली. घरटं कसलं — गवत दाबून केलेला खळगा, त्यात मादीच्या पोटाखालून डोकावणारी मळकट पांढरी अंडी. मी हातभर अंतरावर, तरी मादी उठली नाही. मीच मागे सरकले. गावच्या शाळेतून मागून आणलेल्या पुस्तकात तितराचं चित्र आहे, पण ते असं रोखून बघत नाही.
हे असते तर दिवसभर तेच बोलले असते. धुरा पाखरांसाठी राहू द्यायचा, हे त्यांचंच. त्यांना जाऊन हा तिसरा उन्हाळा.

१३ मार्च, गुरुवार
आशाबाईला दाखवलं. दाखवावंच लागलं — धुरा दोघींचा, आणि होळी झाली की ती तिच्या बाजूचं वाळलेलं गवत पेटवते. या दिवसांत सगळेच पेटवतात.
वाकून बघत म्हणाली, "एवढ्यासाठी मले काट्याकुट्यातून आणलं काय वं? मले वाटलं गुप्तधन दावते." मग म्हणाली, "पिल्लं निघू दे. तोवर काडी लावत नाही. सासूची शपथ."
सासू कधीच वारली. दोघी हसलो.
येताना भुईरिंगणी फुललेली. एवढे काटे, आणि फूल किती नाजूक जांभळं.

१८ मार्च
तितर बसून आहे. मीही रोजच्यासारखी अंधार पडेपर्यंत धुऱ्यावर. पळसावर शिंजिर उलटे लटकून मध पितात. जेवताना गोविंदाला सगळं सांगितलं. पोरानं मोबाईलमधून मान वर न करता "हाव" म्हटलं.

२४ मार्च, सोमवार
दुसरबीडला भाचीच्या लग्नाला गेले होते, मुक्काम पडला. आज आल्या आल्या शेतात गेले.
धुरा काळा. तरवडाच्या नुसत्या काड्या उभ्या. अंडी तडकलेली. मादी कुठे दिसली नाही. खूप शोधलं.
काय ती आशाबाईची शपथ.

२५ मार्च
हापशीवर गाठ पडली. "मी नाही लावली वं बाई. माह्या लेकराची आण."
मी म्हटलं, "आधी सासू, आता लेकरू. आता कोण राह्यलं?"
बाया हसल्या. ती हसली नाही. अर्धीच घागर घेऊन गेली.

३० मार्च, पाडवा
तिच्याकडून गाठी आली नाही. मीही पाठवली नाही. या गावात सून म्हणून आले तेव्हापासून असं कधी झालं नव्हतं.
परक्यानं जाळलं असतं तर रडले असते, विसरले असते. हे गेले तेव्हा हीच माझ्या दारात बसून होती. मला घास भरवत होती. तिला मी अंडी दाखवली, आणि माझी पाठ वळताच तिनं काडी ओढली.

२ एप्रिल
फिरायला तलावाकडे गेले. शेताची वाट नको वाटते. टिटव्या ओरडत होत्या. बहाव्याला कळ्या आल्यात. सांगणार कुणाला?

५ एप्रिल, शनिवार
सकाळी चहा घेताना गोविंदा म्हणाला, "आशाकाकूले बोलू नको माय. धुरा मी पेटवला."
मी बशी खाली ठेवली. "अंडी होती रे तिथं."
"माहीत होतं." मग कपातला चहा ढवळत म्हणाला, "बाबाले साप तिथंच चावला. अन् तू रोज अंधारात तिथंच जाऊन बसतेस. किती खेप सांगितलं? मले दुसरं काही सुचलं नाही."
हापशीवरचं बोलणं त्याच्या कानावर आलं होतं. तरी इतके दिवस तोंड उघडलं नाही. मी तिला नावं ठेवत होते, आणि हा माझ्यासमोर बसून भाकरी खात होता.
आशाबाईच्या दारापर्यंत गेले. आत तिचा आवाज येत होता. परत आले.

६ एप्रिल
आज गेले. तिनं गोविंदाला काडी लावताना बघितलं होतं, तीच म्हणाली. "मंग हापशीवर सांगितलं काऊन नाही वं?" म्हटलं.
तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "तुले एकच तर लेकरू हाये."