शाईची सरळ रेघ

प्रिय काडी,

तू संशोधन सोडतेयस हे सरांना कळवलंस आणि मला नाही, त्याबद्दल आधी मनसोक्त भांडून घेते. बाबांचं आजारपण मोठं, मान्य. पण मला एक ओळ? असो. तुझी टाकी, तुझी काचेची नळी, ते डुगडुगणारं स्टूल, सगळं आता माझ्या ताब्यात आहे. मला आनंद व्हायला हवा होता ना? झालाही, अर्धा दिवस.

खरं सांगू? मी तुझ्यावर पहिल्यापासून जळते. वाहत्या पाण्यात तू शाई सोडलीस की नळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ! सर शेजारच्या खोलीतल्यांनाही हाका मारून दाखवायचे. तेच पाणी, तीच शाई, वेगही तोच. पण मी सोडली की मध्येच थरथरायची आणि पुढे नुसता लोकरीचा गुंता. वर तू म्हणायचीस, अगं, जमेल हळूहळू. तेव्हा तुझं तोंडही बघवायचं नाही मला.

तुझी शाईची बाटली रात्रभर टाकीतच बुडालेली असायची. मला वाटायचं, विसरलीस वेंधळ्यासारखी. शाई आणि पाणी सारखंच गार हवं म्हणून ती तिथे असते, हे तू गेल्यावर डोक्यात शिरलं. माझी बाटली खिडकीत, उन्हात! विचारलं असतं तर तू सांगितलंही असतंस, पण तुला विचारेल ती मी कसली. काल मीही बुडवून ठेवली. आज रेघ थेट शेवटपर्यंत गेली, काडे! उड्या मारणार होते, पण पाणी हललं असतं. सर आले, चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, वा, अगदी तिच्यासारखी! जळला मेला तो आनंद.

मग म्हणाले, विषय आता तूच पुढे ने, प्रबंधात तिचे आभार मानू. आभार! तुझे! दोन ओळींत! मी चक्क नाही म्हटलं. प्रेमाने वगैरे नाही हं, उगाच हुरळू नकोस. तू मैदानातच नसताना मी पहिली आले, तर ते कसलं डोंबलाचं जिंकणं? सर तुझी जागा राखून ठेवायला तयार आहेत, फक्त तू परत येणार हे त्यांना तुझ्या तोंडून ऐकायचंय. फोन कर. बाबांना बरं वाटू दे, मग ये. मला तुला हरवायचंय, आणि तेव्हा तू शेजारी उभी राहून माझ्यावर जळताना बघायचंय.

नाइलाजाने का होईना, पण तुझीच,
ठमी