आईला बसवशील का त्या गाडीत?

प्रिय बाबा,

आधी काय घडलं ते क्रमाने लिहिते. कुणी गोष्ट मधूनच सुरू केली की तुम्हाला चालत नसे.

१. सोमवारी आमच्या विभागप्रमुख मॅडमनी मला बोलावलं. हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारीचं काम पुढे न्यायचं की थांबवायचं, याची तांत्रिक शिफारस मी लिहायची आहे.
२. मुदत शुक्रवार संध्याकाळ.
३. मंगळवारी मी दोन मसुदे लिहिले. एकात 'चालू ठेवावं', दुसऱ्यात 'थांबवावं'. आकडे दोन्हींत तेच.
४. बुधवारी दुपारी चार वाजता मी आईला त्या गाडीत बसवलं.
५. आज गुरुवार आहे.

तुम्ही जाऊन सात महिने झाले. एवढ्या दिवसांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, कारण जो वाचणार नाही त्याला लिहिण्यात मला अर्थ दिसत नव्हता. अजूनही दिसत नाही. पण चौथा मुद्दा तुम्हाला सांगितल्याशिवाय मला कुठल्याच कागदावर सही करता येईना.

तुमची पद्धत आठवते ना? कल्याणच्या गॅरेजात एखाद्या गाडीला सीएनजीचं किट बसवलं, की ती तुम्ही लगेच मालकाला देत नसायचात. संध्याकाळी ती वर्तकनगरला घरी आणायची, आई आणि मी मागे बसायचं, आणि घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत जाऊन परत यायचं. आपली माणसं बसल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हा तुमचा नियम. माझं सगळं बालपण अनोळखी लोकांच्या गाड्यांत गेलं. आई मात्र प्रत्येक वेळी लग्नाला निघाल्यासारखी साडी नेसायची.

त्यातूनच तो डुलाचा प्रकार झाला. एका वकिलांच्या गाडीत मागच्या सीटवर आईचा डूल राहिला आणि तो नेमका त्यांच्या बायकोला सापडला. दोन दिवस त्या घरात चूल पेटली नाही म्हणे. शेवटी आई दुसरा डूल घेऊन स्वतः कल्याणला गेली आणि त्या बाईंना म्हणाली, "वहिनी, डूल तेवढा माझा. नवरा तुमचा, तो तुमच्याकडेच ठेवा." वकील पुढे दहा वर्षं तुमचं गिऱ्हाईक राहिले.

नियम मात्र तुम्ही बदलला नाहीत.

आता त्या रविवारचं. तुम्ही गॅलरीत बसून स्कूटरचा प्लग घासत होतात. आमच्या गाडीची पहिली लांबची चाचणी नीट झाली होती आणि मी ते तुम्हाला सांगत होते. खरं तर ऐकवत होते. गाडीत इंजिन नाही, हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येऊन वीज तयार होते, त्या विजेवर मोटर चालते आणि मागून फक्त पाणी बाहेर पडतं, हे सगळं मी एका दमात सांगितलं. तुम्ही तीन प्रश्न विचारलेत. गळती झाली तर वास येतो का? घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये तासभर उभी राहिली तर काय होतं? आणि पंप कुठाय?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी दिली. वास येत नाही. सीएनजीला वास मुद्दाम घातलेला असतो, तसा इथे घालता येत नाही, कारण वासाच्या द्रव्यातलं गंधक आतला प्लॅटिनमचा थर बिघडवतं. ट्रॅफिकमध्ये गाडी बॅटरीवर तग धरते. तिसऱ्या प्रश्नावर मी म्हटलं, होतील पंप, दहा वर्षांत सगळीकडे होतील.

तुम्ही मान वर केली नाहीत. फक्त म्हणालात, "तुझ्या आईला बसवशील का त्या गाडीत?"

"बाहेरच्यांना परवानगी नसते, बाबा. अर्ज असतो, मंजुरी असते. वेळ लागतो."

"परवानगीचं नाही विचारलं मी."

मी उठून आत गेले.

त्यानंतर दोनदा तुम्ही विचारलंत, एकदा बघायला येऊ का म्हणून. दोन्ही वेळा मी 'बघू' म्हटलं. नंतर तुम्ही विचारलं नाहीत, आणि मग विचारायला राहिला नाहीत. कारण लिहून टाकते. तुम्ही माझ्या सहकाऱ्यांसमोर पंपाचा प्रश्न विचाराल आणि माझ्याकडे उत्तर नसेल, याची मला भीती होती. तुम्ही ग्रीसच्या हातांनी याल, याचीही थोडी होती. हे तुम्हाला कळलं होतं का? कळलं असेल तर तुम्हीही जरा अडून बसायला हवं होतं. गिऱ्हाईकाशी वॉशरवरून तासभर भांडायचात. माझ्याशी का नाही भांडलात?

बुधवारी मी आईसाठी अर्ज भरला. एका पानाचा होता. अकरा मिनिटांत मंजूर झाला.

अकरा मिनिटं, बाबा.

आई येण्याआधी मी सगळे सांधे तपासले. आमच्याकडे त्यासाठी सेन्सर आहेत, छतालाही आहेत, कारण हा वायू वर पळतो. तरी मी तुमचा दाढीचा ब्रश आणि वाटीत साबणाचा फेस घेऊन टाकीपासूनच्या प्रत्येक जोडावर फिरवला. ब्रश सुरेशकाकांनी गॅरेजातून आणून दिला. तुमच्यामागे गॅरेज तेच बघतात. तुमचं कपाट त्यांनी अजून उघडलेलं नाही, ब्रश बाहेर खिळ्याला होता म्हणून मिळाला. माझ्याबरोबर काम करणारा निखिल म्हणाला, "अगं, गाडीला दाढी करतेयस का?" मी हसले नाही, पण तुम्ही हसला असतात. सीएनजीच्या टाकीपेक्षा तिप्पट दाबाचा वायू त्या नळ्यांत असतो. एकही बुडबुडा आला नाही.

आई मोरपिशी साडी नेसून आली. मागे बसायला निघाली, मी पुढे बसवलं. गाडी सुरू झाल्याचं तिला कळलंच नाही. कासारवडवलीपर्यंत ती इंजिनाच्या आवाजाची वाट बघत होती. नेहमीसारखी गर्दी लागली. गायमुखला खाडीवरून तो ओळखीचा वास आला. त्या वासातलं गंधकही आमच्या गाडीला सोसत नाही. दोन वर्षांपूर्वी तिथे व्होल्टेज खाली यायचं. हवेच्या गाळणीवर मी दीड वर्ष काम केलंय. बुधवारी काटा हलला नाही. मी आईला दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे. बाबांना दाखवलंस का?"

मी गाडी वळवली.

तिने विचारलं, "लगेच परत कशाला? तसंच पुढे जाऊ की. कल्याणला सुरेशभावजींना दाखवू."

मी सांगितलं की हायड्रोजन भरण्याची सोय आमच्या आवारातच आहे, तोही लांबून ट्रकने येतो, आणि टाकीत उरलाय तेवढ्यात कल्याणला जाऊन परत येण्याची खात्री देता येत नाही. ती म्हणाली, "म्हणजे फिरायला होतं, जायला होत नाही."

तीन वर्षांच्या कामावर इतकं नेमकं वाक्य मला लिहिता आलं नव्हतं.

प्रगती झाली नाही असं नाही. प्लॅटिनम पूर्वीपेक्षा बरंच कमी लागतं. वीज तयार करणारे संच जास्त टिकतात. टाकी पाचेक मिनिटांत भरते. पण वीज वापरून हायड्रोजन करायचा, तो दाबायचा, वाहून न्यायचा आणि त्याची पुन्हा वीज करायची, यात प्रत्येक पायरीवर काही ना काही हरवतं. तीच वीज सरळ बॅटरीत भरली तर गाडी दुपटीहून लांब जाते. आणि बॅटरी सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्रभरात भरते. घर ते ऑफिस जाणाऱ्या माणसाला याहून जास्त काय हवं? उलट अवजड ट्रक आणि लांब पल्ल्याच्या बस ठरलेल्या रस्त्याने जातात. त्यांना बॅटरीचं वजन आणि तासन्‌तास चार्जिंग परवडत नाही, आणि दोन टोकांना दोन पंप असले तरी त्यांचं भागतं. तिथे या कामाला भविष्य आहे. मोटारीत मला ते दिसत नाही, निदान इथे तरी नाही. पंप नाहीत म्हणून गाड्या नाहीत, गाड्या नाहीत म्हणून पंप नाहीत. तुम्ही हे प्लग घासता घासता दोन शब्दांत विचारलं होतं.

मग सोमवारपासून मी कशाला अडले होते? गाडी माझी आहे म्हणून. 'थांबवावं' लिहिलं की ती झाकून ठेवतील आणि तिचे भाग आमच्याकडच्याच हायड्रोजन ट्रकच्या कामाला काढून घेतील. आणि मला वाटत होतं की तसं लिहिणं म्हणजे तुमच्या प्रश्नाला 'नाही' म्हणणं. बुधवारी कळलं की प्रश्न दोन होते आणि मी ते एकात एक मिसळले होते. आईला त्या गाडीत बसवीन का? हो. बसवलं. माझ्या कामात खोट नव्हती. ही गाडी लोकांना विकावी का? नाही.

म्हणून शिफारस अशी लिहिली आहे: मोटारीचं काम थांबवावं. हवेची गाळणी, गळतीची चाचणी आणि नियंत्रणाची प्रणाली ट्रकच्या प्रकल्पाकडे द्यावी. गाडी सुरक्षित असल्याची नोंद वेगळ्या परिच्छेदात केली आहे, आणि त्याखाली माझं नाव.

एक शब्द देते. ट्रक तयार झाला की तो आमच्या फाटकाबाहेर जाण्याआधी आई केबिनमध्ये बसेल. तिला चढायला पायरी लागेल, तीही मी करून घेईन. आणि कुणाच्याही बाबांना गाडी बघायची असेल तर तो एक पानाचा अर्ज मी स्वतः भरीन, त्याच दिवशी.

लहानपणी मी केलेला जोड तुम्ही तपासायला घ्यायचात तेव्हा शेजारी उभं राहणं मला जड जायचं. चूक असेल तर तुम्ही सांगायचात. बरोबर असेल तर काही न बोलता पुढच्या कामाला लागायचात. शाबासकीची वाट बघत मी किती वेळा ताटकळले असेन! तीच शाबासकी होती, हे कळायला मला फार वेळ लागला.

मसुदा या पत्रासोबत ठेवला आहे. त्यात काही चूक दिसली तर शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत कळवा. काही कळलं नाही तर मी सही करेन.

तुमची
केतकी