बंबाच्या प्रसंगावरील पंधरा गुण कापून मिळणेबाबत

दिनांक : १८ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. संचालक,
परीक्षा व मूल्यमापन विभाग,
करवीर दूरशिक्षण विद्यापीठ, कोल्हापूर.

अर्जदार : सौ. संयोगिता अमरसिंह साळोखे, वय ५९, रा. शिवाजी पेठ, कोल्हापूर. एम. ए. (मराठी) भाग २.

विषय : ‘आधुनिक कादंबरी’ या विषयातील प्रश्न २ (अ) चे सर्व गुण काढून घेऊन मला नापास करणेबाबत.

संदर्भ : १) माझा पुनर्मूल्यांकनाचा अर्ज, दि. १२ जून २०२५. २) खिडकी क्र. ४ वर झालेले बोलणे.

महोदय,

१. गुण वाढवून मागणारे अर्ज आपल्याकडे ढिगाने येत असतील. हा अर्ज कमी करून मागण्याचा आहे. खिडकी क्र. ४ वरील श्री. कृष्णात यांनी माझे म्हणणे दोनदा ऐकून घेतले आणि “मावशी, असला फॉर्मच न्हाय आपल्याकडं. साध्या कागदावर लिवा आन् सायबांस्नी द्या,” असे सांगितले. त्यास अनुसरून साध्या कागदावर लिहीत आहे. अर्ज लांबला आहे, याची जाणीव आहे.

२. अभ्यासक्रमात तिसऱ्या क्रमांकावर जी कादंबरी नेमलेली आहे, तिचे नाव इथे लिहिण्याचे धाडस होत नाही. आपल्याला ते यादीत सापडेल. तिचे लेखक शाळेत शिक्षक होते आणि १९८४ ते १९८८ या काळात आमच्या माडीवर भाड्याने राहत होते. आता ते हयात नाहीत. कादंबरीतली हुशार, सोशिक धाकटी सून म्हणजे मी. थोरली सून म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई श्रीमती धोंडुबाई, ज्यांना आम्ही आक्का म्हणतो. कादंबरीत धाकटी बारावीला पहिल्या वर्गात पास होते आणि थोरली मत्सरापोटी तिची पुस्तके व गुणपत्रिका पाणी तापवायच्या बंबात घालते. धाकटीचे कॉलेज कायमचे बुडते. संपर्क वर्गात अदिती मॅडमनी या प्रसंगावर दोन रविवार घालवले. “स्त्रीनेच पेटवलेली स्त्रीच्या शिक्षणाची होळी” असे त्या म्हणाल्या, तेव्हा सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतले. मीही उतरवून घेतले आणि खाली दोन रेघा मारल्या.

३. आता जे खरे घडले ते नमूद करते. मी गडहिंग्लजहून लग्न होऊन आले तेव्हा अकरावी झाली होती. बारावीला बाहेरून बसते म्हटल्यावर सासूबाईंनी नाक मुरडले. आक्कांनी मात्र सकाळच्या भाकरी स्वतःकडे घेतल्या. वर्षभर चौदा माणसांच्या भाकरी त्यांनी एकटीने थापल्या आणि मी माडीच्या जिन्यात बसून वाचले. म्हणजे पुस्तक मांडीवर ठेवून बसले. निकाल लागला तेव्हा इंग्रजी आणि अर्थशास्त्र या दोन विषयांत मी नापास होते. घरी मी पास झाल्याचे सांगितले. गुणपत्रिका दाखव म्हणतील, या भीतीने दुसऱ्या दिवशी पहाटे ती आणि सगळी पुस्तके मी माझ्या हाताने बंबात घातली. बंब पेटवायचे काम आक्कांचे होते. राखेत पुठ्ठे सापडले तेव्हा सासूबाईंनी “हे कुणी केलं?” म्हणून विचारले. मी आक्कांचे नाव घेतले नाही. मी फक्त त्यांच्याकडे पाहिले आणि रडायला लागले. तेवढे पुरले. त्यापुढचे तीन महिने आक्कांनी काय काय ऐकून घेतले, ते लिहायला या अर्जात जागा नाही.

४. माडीवरच्या गुरुजींना ही हकिगत मी स्वतः सांगितली. त्यांनी विचारले म्हणून सांगितली आणि ते मन लावून ऐकतात म्हणून रंगवून सांगितली. पहिला वर्ग ही माझी भर आहे. पुढे कादंबरी छापून आली. आमच्या घरात ती कोणी वाचली नाही आणि मी गप्प राहिले. उतारवयात, जुनी गुणपत्रिका जळाली ही सबब सांगून मी बारावीला पुन्हा बसले, मग बी. ए. झाले आणि एम. ए.ला आले. ती कादंबरी तिथे माझी वाट पाहत होती.

५. परीक्षेत प्रश्न आला : ‘थोरल्या सुनेची खलप्रवृत्ती बंबाच्या प्रसंगातून पूर्णत्वाने प्रकट होते. सोदाहरण स्पष्ट करा. (गुण १६)’. त्याला पर्याय म्हणून निवेदनशैलीवरचा प्रश्न होता, पण त्याची तयारी नव्हती. मी पुरवणी मागून घेतली आणि सुवाच्य अक्षरात आठ पाने लिहिली. ‘अशिक्षित मनाचा आंधळा द्वेष’ हे शब्द माझे आहेत, मॅडमचे नाहीत. लिहिताना हात थांबला नाही, याची मला आज सर्वांत जास्त लाज वाटते. १६ पैकी १४ गुण मिळाले.

६. घरी पेढे आले. पहिला पेढा आक्कांनी माझ्या तोंडात घातला आणि तो मला गिळवेना. निदान गुण तरी कमी व्हावेत, या एकमेव हेतूने मी पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केला आणि ‘गुण कमी झाल्यास माझी हरकत नाही’ या ओळीखाली आनंदाने सही केली. आपल्या दुसऱ्या परीक्षकांनी १५ केले. एवढ्यावर न थांबता विभागाने माझे उत्तर ‘आदर्श उत्तर’ म्हणून विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले. आता पुढच्या वर्षीची मुले माझ्या जाऊबाईंची खलप्रवृत्ती माझ्या अक्षरात पाठ करत आहेत.

७. आक्कांची नात तेजस्वी हिच्या फोनवर ते उत्तर येऊन पोहोचले. गेल्या रविवारी तिने कौतुकाने ती आठही पाने आक्कांना वाचून दाखवली. कादंबरीत नावे वेगळी असल्यामुळे पोरीला काही कळले नाही. आक्का मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, जुडीही खाली ठेवली नाही. वाचून झाल्यावर त्यांनी “मार्क किती पडलं?” म्हणून विचारले. सोळातले पंधरा, असे कळल्यावर म्हणाल्या, “मग एक कशापायी कापला? एवढं झ्याक लिवलंय की.”

८. तेजस्वी राजारामपुरीला क्लासला गेल्यावर मी त्यांच्यापुढे जाऊन बसले. त्याच बोलल्या. “तू बंबात घालत हुतीस तवा मी मोरीच्या दारात हुते. पास झालेलं माणूस आपली पुस्तकं जाळतंय व्हय? मी अडाणी हाय, खुळी न्हाय.” मग चाळीस वर्षे गप्प का राहिलात, असे मी विचारले. त्या म्हणाल्या (सासूबाईंना त्या आत्याबाई म्हणत), “बोलले असते तर आत्याबाईंनी तुला चुलीम्होरं बसवली असती. तुज्या हातच्या भाकरी कोण खाणार हुतं?” आणि उठून मेथी धुवायला गेल्या. आम्हा दोघींत या विषयावर झालेले बोलणे एवढेच आहे.

९. तरी माझी नम्र विनंती अशी की, प्रश्न २ (अ) चे पंधराच्या पंधरा गुण काढून घ्यावेत. माझे एकूण गुण ४६ आहेत. पंधरा गेल्यावर ३१ उरतात आणि उत्तीर्ण होण्यास ३२ लागतात. एका गुणाने नापास होणाऱ्यास आपल्याकडे एक गुण कृपेने देण्याची पद्धत आहे, असे श्री. कृष्णात यांनी सांगितले. हात जोडून सांगते, मला तो देऊ नये. चाळीस वर्षे मी कृपेवरच पास होत आले आहे. ग्रुपवर टाकलेले उत्तर मागे घ्यावे. दिवाळीच्या परीक्षेत हाच प्रश्न पुन्हा लिहिण्याची परवानगी मिळावी. त्या वेळी थोरल्या सुनेविषयी मला जे ठाऊक आहे ते लिहीन. ते कादंबरीत नाही म्हणून परीक्षकांनी शून्य दिले तर पुनर्मूल्यांकनास येणार नाही.

१०. हे काहीच नियमात बसत नसेल, तर निदान एक गोष्ट लेखी कळवावी : सोळातला एक गुण कशासाठी कापला होता? आक्का रोज विचारतात. परीक्षकांना उत्तरात काही खटकले होते की काय, हे मलाही जाणून घ्यायचे आहे. खटकले असेल, तर त्या परीक्षकांना माझा नमस्कार सांगावा.

आपल्यापुढे मान खाली घालून उभी असलेली,

(सही)
संयोगिता अमरसिंह साळोखे

सोबत :
१) एम. ए. भाग २ ची गुणपत्रिका.
२) उत्तरपत्रिकेची छायाप्रत, पाने ८.
३) बारावी (१९८५) अनुत्तीर्ण झाल्याची गुणपत्रिका. दुय्यम प्रत जोडली आहे. मूळ प्रत अर्जदाराने स्वतः जाळली आहे.