खिट्टीच्या नावे घर

मी, खाली सही करणारा, धंद्याने कुलूपवाला, हे पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. भीती मात्र भरपूर आहे. तिला कायद्यात दबाव म्हणत नाहीत, असा निर्वाळा वकीलबाईंनी दिला आहे. डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो उजेडात धरला आणि ते नको तितकं गोड बोलले, तेव्हापासूनची ही भीती.

कलम १. किल्ल्या कापायचं मशीन समोरच्या दुकानदाराला द्यावं. आयुष्यभर त्याने माझी गिऱ्हाइकं पळवली. बोथट झालेल्या कानशीही त्यालाच लखलाभ होवोत.

कलम २. राहतं घर माझ्या एकुलत्या एका मुलीच्या नावे. तान्ही असताना तिने बोट धरलं की सुटायचं नाही, म्हणून आम्ही तिला खिट्टी म्हणतो. अट एकच: तिने इथेच राहून शिकावं. परदेशातल्या विद्यापीठाने तिला बोलावलं आहे. कॉलेजातल्या बाई म्हणतात, तिच्या विषयाची अशी प्रयोगशाळा इथे नाही. मैत्रीण म्हणते, तिकडे दोघींत खोली घेऊ. परदेशी पाठवणारा सल्लागार तिथल्या हिरव्यागार लॉनची चित्रं दाखवतो. इतक्या जणांपुढे माझ्याकडे काय आहे? खोकला आणि हे घर. खोकला मी तिच्यासमोर जरा वाढवूनच काढतो. घर हे आमिष आहे, नाही कशाला म्हणू? शेजारची शिंपीण आजारी पडली, तेव्हा तिचा मुलगा तिकडून फोनच्या पडद्यावर "आई, पाणी पी" म्हणत राहिला. पेला उचलून द्यायला खोलीत कोणी नव्हतं. मला तसं मरायचं नाही. मला फार भीती वाटते.

कलम ३. वरीलपैकी जे ज्याला मिळू शकणार नाही, ते माझ्या थोरल्या बहिणीला जावं. हे वकीलबाईंनी घालायलाच लावलं. ताईचा या घरावर पहिल्यापासून डोळा. चहाला आली की भिंतीला ओल आहे का ते चाचपून बघते. तशी वेळ काही येणार नाही, म्हणून लिहून टाकलं.

कलम ४, ऐन सहीच्या वेळी वाढवलेलं. साक्षीला डॉक्टर आले. दुसरा साक्षीदार न्हावी, तो गिऱ्हाइकात अडकला. तोवर वकीलबाईंनी मजकूर मोठ्याने वाचला. खिट्टी दारात उभी राहून ऐकत होती. आत येऊन म्हणाली, "दुसरी सही मी करते."

"अगं वेडे," वकीलबाई म्हणाल्या, "साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. घर सरळ आत्याच्या घशात जाईल!"

"ठाऊक आहे. म्हणूनच." मग ती माझ्याकडे वळली. "बाबा, घर मिळणार हे कळल्यावर मी राहिले, तर तुमच्यासाठी राहिले की घरासाठी, हे मलाच कळायचं नाही. तुम्हालाही कायम शंका राहील."

वकीलबाई हळूच म्हणाल्या, न्हाव्यासाठी थांबू या. थांबता आलं असतं. मी पेन खिट्टीच्या हातात दिलं. घाबरतच दिलं, पण दिलं. कलम २ त्यामुळे निकामी झालं, हे मला समजलेलं आहे.

मृत्युपत्र करणार: कुलूपवाला. (सही हलली आहे, ती माझीच समजावी.)

साक्षीदार:
१. डॉक्टर
२. खिट्टी, मुलगी

ठिकाण: याच घरातली पुढची खोली.
तारीख: खिट्टीने विद्यापीठाला हो की नाही कळवायचं, त्याच्या आदला दिवस.